तीन नंबरची खिडकी आणि कोरा रकाना

सिस्टरने सुई भरली, वर धरून हवेचा बुडबुडा काढला आणि म्हणाली, "वळा."

पलंगावर पडलेला माणूस निवृत्त ट्रकचालक. अंगाने दणकट, पायाला जखम. वळता वळता त्याने सहज विचारलं, "कसलं आहे हो?"

"पेनिसिलिन."

पुढच्या क्षणी तो गडी पलंगावर नव्हता. मागून उघडा असलेला गाऊन एका हाताने सावरत, जखमेचा पाय ओढत तो कॉरिडॉरमधून पळत सुटला होता. "मारायला काढलंय मला! पाच वेळा सांगितलंय, हे मला चालत नाही म्हणून! पाच वेळा!" रांगेतले लोक आधी हसले, मग हसायचे थांबले.

सिस्टरची काहीच चूक नव्हती. तिने नियमाप्रमाणे स्क्रीन बघितली होती. त्या माणसाच्या नावासमोर, 'अ‍ॅलर्जी' या रकान्यात, स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं: नोंद नाही.

हे झालं मंगळवारी. बुधवारी वॉर्डमधल्या प्रत्येक रुग्णाला तोंडी विचारून स्क्रीनशी ताळा घेतला, जुने केसपेपर काढले. असे कोरे रकाने एकेचाळीस निघाले. गुरुवारी कोणीतरी शहाण्याने प्रत्येक नोंदीखालची 'शेवटचा बदल' ही ओळ वाचली. एकेचाळीसच्या एकेचाळीस ठिकाणी एकच नाव. नोंदणीची तीन नंबरची खिडकी. एकोणीस वर्षं तिथे बसलेली बाई. शुक्रवारी दुपारी बारा वाजता चौकशी ठेवली आणि चौकशीच्या आधीच निकाल टाइप करून ठेवला: निष्काळजीपणा, सेवेतून कमी. मोठ्या इमारतींमध्ये हे असंच चालतं. आधी मान शोधायची, मग फास तिच्या मापाचा करायचा.

या सगळ्याचा पत्ता जिला सगळ्यात आधी लागायला हवा होता तिला सगळ्यात शेवटी लागला. ती तळघरात बसायची. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर तिने लिहिलेलं. एका बाजूला धुलाईघर, भिंतीपलीकडे दिवसभर इस्त्रीची यंत्रं फुसफुसणार, डोक्यावर गरम पाण्याचे पाइप. अशा खोलीत दोन टेबलं, दोन माणसं. ती, आणि 'पदवी'. पदवी हे त्याचं नाव नव्हे, पण दर तिसऱ्या वाक्यात आपल्या पदवीचा उल्लेख करणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? तिच्याकडे पदवी नव्हती. ती याच हॉस्पिटलात टायपिस्ट होती. जेवणाच्या सुट्टीत पुस्तकं उघडून, चुका करकरून कोड शिकली. आता पदवी तिच्या कोडवर काम करायचा, ही गोष्ट त्याला दाढेत अडकलेल्या कणासारखी सलायची.

शुक्रवारी सकाळी नऊला तो खुर्ची गोल फिरवून म्हणाला, "काय मॅडम, तुमच्या नणंदबाईंनी दिवे लावले म्हणे!"

"कोणते दिवे?"

त्याने चवीचवीने सगळं सांगितलं.

खोटं कशाला बोला, तिला क्षणभर बरं वाटलं. फक्त क्षणभर, पण वाटलं. तीन नंबरच्या खिडकीतली बाई म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. एकाच घरात, वरच्या मजल्यावर. बारा वर्षांत एक दिवस असा गेला नव्हता की वन्संनी खाली येऊन नळ नीट बंद आहे का हे बघितलं नसेल. बंद नळ. आणखी घट्ट करून जायच्या. 'वन्सं' ही हाकही तिने आधी टोमणा म्हणूनच सुरू केली होती, मग तीच चिकटली.

पण दुसऱ्या क्षणी तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही बाई? बंद नळ घट्ट करणारी ही बाई रकाना कोरा सोडेल? एक नव्हे, एकेचाळीस? सूर्य पश्चिमेला उगवला तर वन्सं आधी त्याला विचारतील, पत्ता बदललाय का, आणि नोंद करून घेतील.

"शक्य नाही," ती म्हणाली आणि कीबोर्ड ओढला.

"पुरावा आहे, मॅडम. शेवटचा हात त्यांचा आहे."

"शेवटचा हात माझ्या टाळक्यात घालू नकोस. तीन तास आहेत. गप्प बस नाहीतर मदत कर."

पहिला प्रश्न साधा होता. या अ‍ॅलर्जी कधी नोंदवल्याच गेल्या नाहीत, की नोंदवून मग गेल्या? डेटाबेसची रोज पहाटे एक प्रत निघते. तिने गेल्या महिन्यातली प्रत उघडली, ट्रकचालकाचा नंबर टाकला. पेनिसिलिन, तीव्र. होती! मागच्या शुक्रवारची प्रत: होती. शनिवारची: होती. मंगळवार पहाटेची: नाही.

ती स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "अरे, कोणी विसरलेलं नाहीये! भरलं होतं. कोणीतरी पुसलंय!"

पदवी पुढे वाकला. स्क्रीन वाचली. आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हे तर आणखी वाईट झालं. कालपर्यंत निष्काळजीपणा होता. आता म्हणतील, मुद्दाम केलं."

ते खरं होतं. नोकरी जाणं एक, आणि रुग्णांच्या जिवाशी खेळली असा शिक्का घेऊन जाणं दुसरं. वन्संना वाचवायला निघाली आणि पहिल्याच पावलात तिने त्यांचा खड्डा दुप्पट खोल केला.

"पण पुसणार कशा?" ती उठून उभी राहिली. बसून तिला विचार करता यायचा नाही. "नोंदणीच्या स्क्रीनवर अ‍ॅलर्जी दिसतच नाहीत! मीच काढून टाकल्यात. तिथे पुसायचं बटणच नाही. नाव, पत्ता, वय, फोन. संपलं. दार नसलेल्या खोलीतून चोरी कशी झाली?"

"दोन जणांनी एकाच वेळी सेव्ह केलं असेल," पदवी म्हणाला. "कॉलेजात आम्हाला..."

"एकेचाळीस वेळा? आणि दर वेळी त्यातल्या एक वन्संच?"

तिने चाचणीचा रुग्ण उघडला. हा एक खोटा माणूस, प्रोग्रॅम तपासायला ठेवलेला. त्याचा पत्ता बदलला, सेव्ह. ठीक. वय बदललं, सेव्ह. ठीक. फोन, नाव, पुन्हा पत्ता. सगळं जिथल्या तिथे, एक एरर नाही. मग नवा रुग्ण तयार केला, त्याला दोन अ‍ॅलर्जी दिल्या, सेव्ह केलं, उघडून बघितलं. दोन्ही जागेवर. पुन्हा नवा. पुन्हा जागेवर. दहा वेळा केलं. बग नावाच्या प्राण्याची खोडच ही: शोधायला गेलं की तो देवमाणूस होतो.

सव्वादहा वाजले.

"मी वर जाते," ती म्हणाली.

"कशाला?"

"बघायला. आपण इथे बसून आपल्यासारखं बटण दाबतोय. त्या त्यांच्यासारखं दाबतात."

तीन नंबरची खिडकी म्हणजे काचेला गोल भोक, त्यामागे एक फिरती खुर्ची, खुर्चीवर उशी, आणि उशीवर ताठ बसलेल्या वन्सं. बोटावर रबरी टोपी, नाकावर घसरलेला चष्मा. बारा वाजता गळा कापणार आहेत हे माहीत असलेली बाई दहा वाजून वीस मिनिटांनी नेहमीसारखी टोकन पुकारत होती. घरी कालपासून वन्संनी याबद्दल शब्द काढला नव्हता.

तिने शेजारी स्टूल ओढलं. वन्संनी मान न वळवता विचारलं, "वहिनीबाई आज तळघरातून वर? उजेड सोसतोय ना?"

"वन्सं, मला सांगायचं होतं ना!"

"काय सांगायचं? तुझ्या कॉम्प्युटरने माझं नाव लिहिलंय. तुझा कॉम्प्युटर खोटं बोलतो असं म्हणू? तू महिनाभर तोंड फिरवलं असतंस."

"तुम्ही नेहमीचं काम करा. मी नुसती बघते."

"बघ. मागच्या आठ महिन्यांत पहिल्यांदा बघतेयस." आणि काचेकडे वळून, एकदम मऊ आवाजात, "या काका. पुन्हा आलात? गुडघा का?"

वन्संचे हात चालायला लागले. ती त्या हातांकडे चोरावर नजर ठेवावी तशी बघत होती. नंबर टाकला, नोंद उघडली, नाव वाचून दाखवलं, चिठ्ठी छापली, दिली. काही नाही. दुसरी बाई आली. नंबर, नाव, चिठ्ठी. काही नाही. तिसरा एक तरुण, कडेवर मुलगी.

"फोन तोच आहे ना?" वन्संनी विचारलं.

"नाही हो, मागच्या महिन्यात बदलला."

"मग सांगायचं नाही? रिपोर्ट आला तर आम्ही कोणाला फोन करायचा, भिंतीला? सांगा." आणि वन्संनी दहा आकडे टाकले, परत वाचून दाखवले, आणि सेव्ह दाबलं.

तिने शेजारच्या दोन नंबरच्या खिडकीकडे बघितलं. तिथला बाप्या एका मिनिटात तीन माणसं उरकत होता. नंबर, चिठ्ठी, पुढचा. फोनचं नाव नाही. चार नंबरवर तेच. सेव्हचं बटण त्यांच्या बोटांना माहीतच नव्हतं, कारण काही बदललं तरच ते बटण उजळतं आणि ते काही बदलतच नव्हते.

"वन्सं," तिचा आवाज चिरकला, "तुम्ही हे प्रत्येकाला विचारता?"

"न विचारून कसं चालेल? माणसं फोन बदलतात, घरं बदलतात. सांगतात कोण? दिवसातून पंधरा-वीस निघतातच."

"आता, मी सांगेपर्यंत, सेव्ह दाबू नका! कागदावर लिहून ठेवा. एकसुद्धा दाबू नका!"

"अगं पण..."

ती जिन्यावर पोचलीसुद्धा होती. लिफ्टसाठी थांबण्याइतका धीर तिला नव्हता. दोन दोन पायऱ्या उतरताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घणासारखी पडत होती: चाचणीच्या रुग्णाला अ‍ॅलर्जीच नव्हती. एकही नाही. अख्ख्या हॉस्पिटलात ठणठणीत माणूस तो एकच, आणि तपासलं नेमकं त्यालाच! आणि ज्या नव्यांना तिने अ‍ॅलर्जी दिल्या त्यांचं पुढे काही बदललंच नव्हतं. ज्याच्या नावावर आधीच अ‍ॅलर्जी आहे आणि ज्याचा फक्त फोन बदलतोय, असा माणूस तिने एकदाही तपासला नव्हता.

"कालची प्रत उघड!" ती दारातूनच ओरडली. "खरा रुग्ण घे, अ‍ॅलर्जी असलेला. कोणीही! मॅपर काय बोलतो ते सगळं छापायला लाव!"

मॅपर म्हणजे काय, हे इथे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं पाण्यात. कोड रुग्णाकडे माणूस म्हणून बघतो. हा एक माणूस, त्याच्या खिशात फोन नंबर, हातात त्याच्या अ‍ॅलर्जींची पिशवी. डेटाबेसला माणूस कळत नाही. त्याच्याकडे कपाटं असतात: रुग्णांचं एक, अ‍ॅलर्जींच्या चिठ्ठ्यांचं दुसरं, आणि कुठली चिठ्ठी कोणाची हे फक्त नंबरावरून. कोड आणि डेटाबेस यांच्या मध्ये एक दुभाषा बसतो, तो मॅपर. कोड म्हणतो, हा माणूस सेव्ह कर. मॅपर त्या माणसाची झडती घेतो आणि दोन्ही कपाटं त्याच्याप्रमाणे लावतो. इमानदार प्राणी. पण इमानदार आणि शहाणा यांत फरक असतो.

पदवीने एक आजीबाई उघडल्या. अ‍ॅलर्जी तीन. तिने त्यांच्या फोनचा शेवटचा आकडा बदलला, सेव्ह दाबलं.

स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत मॅपरच्या ओळी सरसर उतरल्या. रुग्णाच्या कपाटात फोन बदला. आणि तिच्या खाली, कोणीही न सांगितलेल्या तीन ओळी: अ‍ॅलर्जीच्या कपाटातून चिठ्ठी काढून टाका. काढून टाका. काढून टाका.

"सापडला!" ती इतक्या जोरात ओरडली की भिंतीपलीकडची इस्त्रीवाली बाई दार उघडून "काय चावलं?" म्हणून विचारून गेली. पदवीसुद्धा, पदवी विसरून, टेबलावर हात आपटून म्हणाला, "आयला! एवढा समोर!" सुख म्हणजे काय असतं हे ज्याने दोन तासांचा बग पकडला नाही त्याला समजावण्यात अर्थ नाही. कानशिलं गरम होतात, हसू आवरत नाही.

"पण तो पुसतो कशासाठी?" पदवी म्हणाला.

"पुसायला सांगतंय कोण ते बघ. सेव्हच्या आधीचा कोड काढ."

कोड निघाला. सहा ओळी. वर हिरव्या अक्षरांत शेरा: 'तात्पुरतं. नंतर नीट करणे.' आणि शेऱ्यापुढे लिहिणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं.

तिची.

हसू तिथेच विझलं. सगळं आठवलं. आठ महिन्यांपूर्वी नोंदणीची स्क्रीन उघडायला अकरा सेकंद घ्यायची, रांग दारापर्यंत जायची. तिने युक्ती केली. नोंदणीवाल्यांना अ‍ॅलर्जी लागतच नाहीत, मग पिशवी आणायचीच कशाला? माणूस आणा, पिशवी कपाटातच राहू दे. स्क्रीन एका सेकंदात उघडायला लागली. पण सेव्ह केलं की मॅपर बोंब मारायचा: या माणसाची पिशवी कुठाय? पिशवी नाही, मी सेव्ह करणार नाही! त्याची ती बोंब बरोबर होती. आणि तिने, घाईत, रांगेतल्या लोकांच्या शिव्या कानावर येत असताना, एक ओळ लिहिली: पिशवी नसेल तर रिकामी पिशवी हातात दे. बोंब थांबली. वरून कौतुकाचं पत्रही आलं.

आणि त्या दिवसापासून मॅपर रिकामी पिशवी बघायचा आणि इमानाने समजायचा की या माणसाच्या सगळ्या अ‍ॅलर्जी बऱ्या झाल्या. 'आणली नाही' आणि 'नाहीत' या दोन गोष्टी तिने एक करून टाकल्या होत्या. डॉक्टर बहुतेक वेळा तोंडी विचारतात, म्हणून आठ महिने निभावलं. आणि ज्या बाईने नेटाने फोन नंबर दुरुस्त केले तिच्या हातून सगळ्यात जास्त माणसं पुसली गेली.

पावणेबारा.

तिने आधी नोंदणीचं सेव्ह बटणच बंद केलं. रक्त वाहत असताना वाद घालत नाहीत. मग लॅपटॉपची वायर काढून तो काखेत घेतला.

पदवी दारात आडवा आला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात खोच नव्हती. "मॅडम, ऐका. आपण दुरुस्त करू, आजच. नव्या आवृत्तीत घालू, 'वेग सुधारला' असं लिहू. पुसलेल्या चिठ्ठ्या जुन्या प्रतींतून परत भरू. कोणाला कळणार नाही. त्यांना फार तर ताकीद मिळेल, मी बोलतो. तुमच्याकडे ना पदवी, ना कागद. तुम्हाला काढलं तर दुसरीकडे दारात उभं करणार नाहीत."

"आणि त्यांच्या एकोणीस वर्षांवर शाई ओतलेली राहू दे?"

"तुमचं पटत तरी कुठे त्यांच्याशी?"

"पटत नाही म्हणून मारू?" ती म्हणाली. "बाजूला हो."

अधीक्षकांच्या खोलीत लांब टेबल, भिंतीवर मोठा पडदा, पाण्याच्या बाटल्या. अधीक्षक मध्ये, दोन्ही बाजूंना दोन वरिष्ठ, जे फक्त मान हलवायला येतात. समोर वन्सं, मांडीवर पर्स, पाठ ताठ.

"शेवटचा हात तुमचाच आहे ना?" अधीक्षक विचारत होते.

"हात माझाच आहे. मी नाही कुठे म्हणतेय? रोज दोनशे नोंदींना माझा हात लागतो. पण मी कोणाची अ‍ॅलर्जी पुसली नाही."

"मग काय उंदराने पुसली?"

दार उघडून ती आत घुसली. अधीक्षकांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "ही खात्याची चौकशी आहे. नातेवाइकांनी इथे येऊ नये."

"नातेवाईक म्हणून नाही आले, साहेब. आरोपी म्हणून आलेय." तिने लॅपटॉप पडद्याला जोडला. "पाच मिनिटं द्या. मग दोघींना काढा हवं तर. साहेब, ही कालची प्रत आहे, खऱ्याला धक्का लागणार नाही. तुमच्या नावाने लॉगिन करा आणि स्वतःची नोंद उघडा."

"माझी?"

"तुम्ही इथे उपचार घेता ना? उघडा."

माणसाला स्वतःचं नाव पडद्यावर बघायला आवडतं. त्यांनी उघडली. अ‍ॅलर्जी: सल्फा. "बरोबर," ते म्हणाले, "लहानपणी अंगभर चट्टे आले होते."

"आता नोंदणीच्या स्क्रीनवरून फक्त तुमचा फोन बदला. शेवटचा आकडा. दुसऱ्या कशाला हात लावू नका."

अधीक्षकांनी एका बोटाने, कीबोर्ड चावेल अशा बेताने, आकडा बदलला. सेव्ह.

"आता वॉर्डची स्क्रीन उघडा."

अ‍ॅलर्जी: नोंद नाही. आणि खाली, ठसठशीत अक्षरांत: शेवटचा बदल, अधीक्षक.

डावीकडचे वरिष्ठ पहिल्यांदा मान न हलवता बसले. अधीक्षक पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांची सावली त्यावर पडली. "पण मी... मी तर अ‍ॅलर्जीला हातसुद्धा लावला नाही!"

"नाही लावला. यांनीही नव्हता लावला."

मग तिने सगळं सांगितलं. पिशवी, रिकामी पिशवी, सहा ओळी, शेऱ्यातली दोन अक्षरं. आवाज कापत होता, पण भीतीने नव्हे. पोहून काठाला लागलेल्या माणसाचा कापतो तसा. "आठ महिन्यांत तीन नंबरच्या खिडकीने तीन हजारांवर फोन नंबर दुरुस्त केले. बाकी तिन्ही खिडक्यांनी मिळून साठ. त्या खिडक्या स्वच्छ दिसतात कारण त्यांनी काम केलं नाही. जी बाई काम करत होती तिचं नाव सगळीकडे सापडलं. एकेचाळीस नाहीत, साहेब. येण्याआधी जुन्या प्रतींतून मोजले. तीनशे बारा आहेत."

"तीनशे बारा!" हे वन्सं म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "अगं, मग इथे काय बसलोय आपण? त्यातलं कोणी आत्ता सुई टोचून घेत असेल!"

चौकशी तिथेच संपली, कारण चौकशीतली आरोपीच हुकूम सोडायला लागली. अधीक्षकांनी टाइप केलेला कागद उलटा करून ठेवला. वॉर्डांना निरोप गेला: तोंडी विचारल्याशिवाय एकही सुई नाही. चिठ्ठ्या जुन्या प्रतींतून परत येतील, तिने सांगितलं, पण आठ महिन्यांत कोणाची नवी भर पडली असेल, कोणाचं काही चुकीचं असेल, म्हणून एकेकाला विचारून पक्कं करावं लागेल.

"प्रत्येकाला पत्र पाठवू," अधीक्षक म्हणाले.

"पत्र?" वन्संनी चष्म्यावरून बघितलं. "पत्र पोचेपर्यंत माणूस पोचेल, साहेब. फोन करू. नंबर बरोबर आहेत सगळ्यांचे. त्याचमुळे तर मेलं हे सगळं झालंय."

दारातून बाहेर पडताना अधीक्षक तिला म्हणाले, "तुम्हाला लेखी खुलासा द्यावा लागेल."

"देते. खुलाशात 'माझी चूक' हे पहिल्या ओळीत असेल आणि 'तपासायला माणूस द्या, गेली पाच वर्षं मागतेय' हे दुसऱ्या. दोन्ही वाचा."

कॉरिडॉरमध्ये वन्संनी तिचा दंड धरला. आता काहीतरी गोड बोलतील असं तिला वाटलं. वन्सं म्हणाल्या, "एक सेकंदात उघडते म्हणून किती मिरवलं होतंस गं! मला बारा सेकंद चालले असते."

"अकरा होते."

"तोंड बघ. अजून अकरा म्हणतेय."

आणि मग, चालता चालता, दंड न सोडता, "तू तिथे यायला नको होतंस. उद्या तुला काढलं तर?"

"तर घरी बसून तुमचे नळ मोजेन."

दोन वाजता तळघरातल्या दोन टेबलांवर तीन फोन होते. पदवीने यादी छापली होती आणि कोणीही न सांगता तिसरी खुर्ची धरली होती. रिकामी पिशवी देणारी ओळ गेली होती. आता पिशवी आणलेली नसेल तर मॅपरने अ‍ॅलर्जींच्या कपाटाला हातच लावायचा नाही, अशी ताकीद होती. आणि चाचणीच्या त्या ठणठणीत माणसाला तिने एका फटक्यात चौदा अ‍ॅलर्जी दिल्या होत्या.

वन्सं फोनवर जवळजवळ ओरडत होत्या. पलीकडे कोणीतरी आजी, कानाने जरा कमी.

"सोसत नाही, सोसत नाही! कुठलं औषध सोसत नाही तुम्हाला?... नाही हो आजी, सून नाही, औषध!... हो, आमच्याकडे लिहिलेलं होतं. पुसलं गेलं... कोणाच्या हातून?"

वन्संनी तिच्याकडे बघितलं. ती टाइप करायची थांबली.

"आमच्या घरातलीच आहे," वन्सं फोनमध्ये म्हणाल्या. "भावाची बायको. हो, इथेच बसलीय... नाही, तशी हुशार आहे. घाई फार... बरं, बरं, देते." त्यांनी फोनवर हात ठेवला. "घे. तुला चार शब्द सुनवायचे म्हणतात. ऐकून घे आणि औषधांची नावं नीट लिही. तीन आहेत."

तिने फोन घेतला, पेन शोधलं, नाही सापडलं, पदवीने त्याचं पुढे केलं. "नमस्कार, आजी," ती म्हणाली. "हो, मीच. बोला, मी ऐकतेय."

शेजारी वन्सं बोटावर रबरी टोपी चढवून पुढचा नंबर फिरवत होत्या.